संपातले रविवार

२२ सप्टेंबर १९८७, मंगळवार

झाला संप सुरू. अख्ख्या अमेरिकेतल्या फुटबॉल संघांचे खेळाडू बाहेर. ड्वेन सकाळीच फलक घेऊन स्टेडियमच्या फाटकावर गेला, तर माझे बाबा त्याच्याआधी तिथे हजर! पोलाद कारखान्यातलं युनियनचं जुनं जाकीट, हातात थर्मास. घरी आल्यावर त्याला म्हणाले, "जावईबापू, आज खरे शोभलात." अकरा वर्षं हा माणूस यांच्या लाडक्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या हिरोला, वाचवायला पुढे उभा राहून मार खातोय, ते नाही शोभलं.

२७ सप्टेंबर, रविवार

सामना नाही. घरात तिघंही चिडचिडे.

३० सप्टेंबर

कोचचा फोन. रविवारी मालक भाडोत्री पोरं खेळवणार – कुणी ट्रकवाला, कुणी शाळामास्तर. "त्याआधी आत ये ड्वेन. नंतर तुझ्या जागेचं मी काही सांगू शकत नाही."

ड्वेन तेहतिशीचा, गुडघा गेलेला. इथून काढलं तर दुसरा कुठलाच संघ घेणार नाही. म्हटलं, जा. तर म्हणतो, "लोरी, संप फोडून तुझ्या बाबांसमोर जेवायला कसा बसू?" बाबा पलीकडच्या खोलीतून म्हणाले, "बसूच नका. मीच जाईन या घरातून." यांना काय जातंय बोलायला!

४ ऑक्टोबर, रविवार

भाडोत्र्यांचा सामना झाला. ड्वेन दिवसभर फाटकावर. बाबा म्हणे चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळत होते. परत आले ते गारठून, धड जेवलेही नाहीत.

५ ऑक्टोबर

पेपरात पहिल्या पानावर फोटो. ओस पडलेलं स्टेडियम – आणि मधोमध, मांडीवर ब्लँकेट घेऊन, माझे बाबा.

ड्वेनने पेपर त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "तिकीट जूनमध्ये काढलं होतं. संप नंतर झाला." जरा वेळाने – "मागच्या फाटकाने गेलो." मग – "टाळ्या नाही वाजवल्या."

मला आधी हसू फुटलं, मग इतका संताप आला की कप सिंकमध्ये आपटला. ड्वेनला म्हटलं, आता तरी जा आत, आता कुणाची भीड? तो बूट घालत म्हणाला, "बाकीची पोरं उभी आहेत ना तिथे." गेला. मागोमाग बाबाही निघाले, थर्मास भरून. काय म्हणावं या माणसाला?

९ ऑक्टोबर

दोघं फाटकावर शेजारी शेजारी. बोलत नाहीत.

१५ ऑक्टोबर

संप मिटला. पदरात काही नाही. ड्वेनने माझ्याकडून गुडघा शेकून घेतला. कोचचा फोन नाही. मला फार भीती वाटतेय.

२० ऑक्टोबर

ड्वेनला काढलं. दुपारीच आला, पिशवीत बूट घेऊन. जेवताना मीच बाबांना सांगितलं. बराच वेळ मान खाली घालून बसले. मला वाटलं, रडताहेत. मग मान वर करून त्यांनी ड्वेनलाच विचारलं, "मग रविवारी तुमच्या जागी कोण?"

आणि ड्वेन सांगायला लागला – पोरगा चांगला आहे म्हणे, पाय मजबूत आहेत.