शेवंताचा क्षय

नागपूर, ५ फेब्रुवारी २०१५

ती. गुणवंतमामांस, भाची विनताचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि कानाला मशीन लावायचं नाही, म्हणून पत्र. मला जिना चढताना दम लागायचा. तपासणीत फुफ्फुसातल्या आणि यकृतातल्या रक्तवाहिन्या चुकीच्या जोडलेल्या निघाल्या. दोष जनुकातला, आईबापाकडून येणारा. नाकाचा घोळणा फुटणं ही त्याची पहिली खूण. तुमचाही फुटायचा, मामी कांदा हुंगायला द्यायच्या आणि तुम्ही लेकरासारखं तोंड फिरवायचे. तेव्हा तुमचंही रक्त तपासायला सांगितलंय. माझ्या लेकीलाही निम्मा धोका आहे.

आई क्षयानं गेली, हे डॉक्टरांना पटत नाही. तुम्हाला आठवतं ते लिहा.

तुमच्या मायेतली,
विनता

मदन महल, जबलपूर, १४ फेब्रुवारी

चि. विनतास जयभीम व आशीर्वाद.

पत्र चार दिवस उशाशी होतं. तुझी मामी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि हे कुणाशी बोलण्यासारखंही नाही.

तुझ्या आईची, शेवंताची थुंकी दोनदा तपासली होती. दोन्ही वेळा क्षय निघाला नाही. पण खोकल्यातून रक्त पडतं म्हटल्यावर मी डॉक्टरांचं ऐकलं नाही. तिला मागची खोली दिली, ताट-पेला वेगळा केला. ज्या बापाला गावात ओंजळीत वरून पाणी वाढत, त्याचा मी मुलगा. माझ्या नाकातून आलं ती उष्णता, बहिणीच्या तोंडातून आलं तो क्षय.

आणखी एक. तुला जवळ घेतलं तर पोरीला वसतिगृहात टाकीन, असं मी तिला बजावलं होतं. ती तुला हाकलायची ते माझ्या धाकानं. आज रक्त देऊन आलो. मला माफ कर.

तुझा मामा

नागपूर, २ मार्च

ती. मामांस जयभीम.

लेकीमध्ये दोष नाही, निकाल आला. माझ्या फुफ्फुसातली चुकीची जोडलेली वाहिनी पुढच्या महिन्यात बंद करतील. तुमचा निकाल कळवा, आणि दवाखान्यात एकटे जाऊ नका. शेजारच्या तुळशीरामभैयांना न्या.

माफी आईकडे मागायची होती, मामा. माझ्याकडे द्यायला ती नाही. मी आठ वर्षांची होते. मला वाटायचं, आईला मी नकोशी आहे. म्हणून शेवटच्या दिवशी तिनं मागच्या खोलीतून तीनदा हाक मारली, तरी मी गेले नाही. मामी शेंगा सोलत होत्या, त्यांच्याजवळ बसून राहिले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला लिहिते, कारण त्या घरातलं आता तुमच्या-माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

लोभ तुटू देऊ नका.

विनता