पिकअप विकणार नाही

तीर्थस्वरूप दाजी,

कमरेतून वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (महिनाभर बॉनेटखाली वाकून काढल्यामुळे उरलेला नमस्कार मनातल्या मनात करतो.) ताईची दाढ दुखायची थांबली आणि तुम्हाला झोप लागू लागली हे कळून बरं वाटलं. या दोन गोष्टींचा संबंध मी जाणतो. पत्र ताईकडून मोठ्याने वाचून घ्या, कारण मी ते मोठ्यानेच लिहितो आहे.

तुमचा निरोप मिळाला. बावीस वर्षांची गाडी, मिसिंग मारतेय, विकून मोकळा हो. दाजी, तुम्ही उभी हयात गॅरेजात काढलीत, तुमचा मान मोठा. पण हा सल्ला मी मानत नाही. बोलता बोलता माणूस अडखळला तर त्याला कुणी भंगारात घालत नाही. (मी भर सभेत दोनदा अडखळलो आहे. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.) ही पिकअप म्हणजे आमचं फिरतं वाचनालय. मागच्या हौद्यात अकराशे पुस्तकं, चार वस्त्या, सोमवारी आणि गुरुवारी फेरी. ती थांबली की पुस्तकं सभागृहातल्या कपाटात जाणार आणि किल्ली वाचनालयाच्या अध्यक्षांच्या खिशात. त्यांना तेच हवं आहे. येत्या गुरुवारी ते स्वतः माझ्या शेजारी बसून फेरीला येणार आणि गाडी एकदा जरी बंद पडली तर वाचनालयाचं फिरणं कायमचं बंद, असा त्यांनी ठराव मांडला. मी उभा राहून चाळीस मिनिटं विरोध केला. ठराव मंजूर झाला. (चाळीस मिनिटं बोललात म्हणूनच झाला, असं आमच्या हिचं मत आहे.)

आता दुखणं ऐका. गाडी सुरू होते, पहिला पाऊण तास गचके देत चालते आणि चढावर एक सिलिंडर संपावर जातो. (आयुष्यभर मी संपाच्या बाजूने बोललो, पण या संपाला माझा पाठिंबा नाही.) पाऊण तास निभावला की आपोआप शहाणी होते. पण दोन फेऱ्यांना चढावरच बसली, ती ढकलत मागे आणावी लागली. शेवटच्या वस्तीवर एक आजी आहेत. रहस्यकथेचा पहिला भाग संपवून त्या दुसऱ्याची वाट बघत बसल्यात. त्यांनी निरोप धाडला, की वय ब्याऐंशी आहे, पुस्तक राहू दे, खून कुणी केला तेवढं तोंडी कळवा. मी कळवलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सोमवारी मिसिंग झालं की मंगळवारी मी मेकॅनिकला बोलवायचो. तो यायचा, किल्ली फिरवायचा आणि इंजिन असं गुळगुळीत चालायचं की माझाच माझ्यावरचा विश्वास उडावा. तीन मंगळवार हेच. मधल्या काळात मी दोन जाडजूड पुस्तकं वाचून प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. तिसऱ्या खेपेला मेकॅनिक म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. तुम्ही एकदा कान दाखवून या." त्यावर जे दुखणं दिसत नाही ते नाहीच असं मानणाऱ्या वृत्तीविषयी मी त्याला चार शब्द सुनावले. चार शब्द संपायच्या आत तो स्कूटरवर बसून गेला.

शेवटी आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही तिला आंघोळ घालता त्याच दिवशी ती रडते." मी हा आरोप साफ फेटाळला. फेरीच्या दिवशी सकाळी मी पिकअप पाइप लावून धुतो, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा. वाचकांच्या दारात धुळकट गाडी न्यायची नाही हा माझा नियम आहे. (मंगळवारी धूत नाही. मेकॅनिक कुठे वाचक आहे?) ही वाद घालत बसली नाही. कुंड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन आली, मला गाडी चालू करायला लावली आणि प्लगच्या चार वायरींवर एकेक करून पाणी उडवलं. पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरीवर थेंब पडले आणि इंजिनाने तोच ओळखीचा गचका दिला. वायरीला केसाएवढी भेग होती, तिच्यातून निळी ठिणगी शेजारच्या लोखंडावर उडत होती. टक्, टक्, टक्. प्लगपर्यंत पोचायच्या आधीच वाटेतून पळ काढत होती! कोरडी असली की तीच वायर साळसूद. "सापडलं," ही म्हणाली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतून आत गेली. अभिनंदन स्वीकारायलासुद्धा थांबली नाही.

तेव्हा दाजी, सगळं पाप त्या हातभर वायरीचं. इंजिन निर्दोष आहे. पाइप माझ्या हातात होता हे कबूल, पण भेग मी पाडलेली नाही, आणि धुणं मी सोडणार नाही. अध्यक्षांना लेखी कळवलं आहे, की गुरुवारी सकाळी आठ वाजता गाडी धुऊन दारात उभी असेल.

ताईला नमस्कार.

तुमचा, न वाकणारा
मेहुणा

ता. क. या मॉडेलच्या वायरी आता बाजारात मिळत नाहीत. सगळी दुकानं पालथी घातली. तुमच्या अंगणात मात्र अशीच एक पिकअप नऊ वर्षं उभी आहे, तिच्या हौद्यात ताईच्या कोंबड्या अंडी घालतात, आणि ती तुम्ही विकलेली नाही. (ताईने विषय काढला की तुम्ही ताटावरून उठता, असं ऐकतो.) तिच्या चारही वायरी काढून पाठवाव्यात.

ता. क. दुसरा. पाठवू नका, घेऊन या. वरचा मजकूर लिहून झाल्यावर बाकीच्या वायरींनाही भेगा आहेत का ते बघावं म्हणून मी चारही एकदम उपटल्या. आता कुठली कुठल्या प्लगची याबद्दल माझं एक मत आहे आणि हिचं दुसरं. हिच्या मताने लावल्या तर गाडी हूं की चूं करत नाही. माझ्या मताने सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या शिंपीणबाई दुकान बंद करून गेल्या. आज मंगळवार. पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतो आहे, संध्याकाळी तुम्हाला मिळेल. उद्या या. विकून टाक असं पुन्हा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, फक्त आधी इंजिन चालू करा आणि मग म्हणा, म्हणजे मला ऐकू येणार नाही.