आत्याच्या गुडघ्याचा आकडा

४ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचले. तुझ्या प्रयोगशाळेत पायाला चिकटवलेल्या पट्ट्यांचा डिंक अजून निघत नाही, तेल चोळत बसले आहे. अंगाला चकचकीत गोळे लावून जमिनीतल्या वजनकाट्यांवरून मला येरझारा घालायला लावलंस आणि निघताना म्हणालास, की आता संगणकात माझा पाय तयार होणार. मला काडीचं कळलं नाही. शिवणकामात जन्म गेला म्हणून एवढंच समजले, की तयार मापाचा पाय आणून तो उसवून माझ्या मापाला बसवणार.

डॉक्टर तुझ्या आकड्याची वाट बघताहेत. चालताना गुडघ्यावर भार फार येत असेल तर ऑपरेशन, नाहीतर नाही. मला ऑपरेशनची भीती वाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा आकडा लवकर काढ, आणि जमलं तर लहान काढ.

जेवणाची हेळसांड करू नकोस, म्हणजे लोभ पोचला समजेन.
आत्या

१५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं, आकडा लहान काढणं माझ्या हातात नाही, आणि सध्या तर कुठलाच धड निघत नाहीये. डोकं चक्रावून गेलंय. तयार मापाचा पाय सांगतो, पाऊल टाकताना गुडघ्यावर तुझ्या वजनाच्या अडीचपट भार येतो. मग पट्ट्यांनी टिपलेली तुझ्या स्नायूंची ओढ घालून तो पाय तुझ्या मापाचा केला, तर चौपट. मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी एकमेकांविरुद्ध ओढताहेत आणि मधल्यामध्ये गुडघा चेपला जातोय. पट्ट्या चुकल्या असतील म्हणून सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडली नाही.

त्यात आणखी एक गोंधळ. पट्ट्यांची वायर आखूड पडली म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाई काही फेऱ्या ती धरून तुझ्या शेजारून चालल्या होत्या, आठवतं? त्या फेऱ्या मी बाद केल्या होत्या. आज सहज घालून बघितल्या, तर तुझ्या मापाच्या त्याच पायाचा भार पुन्हा अडीचपट. बाईंनी तुला हात दिला होता का? सर म्हणतात मी घोळ घातलाय, आणि मलाही आता तसंच वाटायला लागलंय.

रागावू नकोस, लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा खटपट्या

२१ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

बाईंनी मला बोटही लावलं नाही. वायर सांभाळत डावीकडून चालत होत्या आणि सुनेची गाऱ्हाणी सांगत होत्या. मला ऐकायला मजा आली.

तुझं पत्र वाचून मीही चक्रावले. मी पाय आवळून चालते हे मला ठाऊकच नव्हतं. काल दुकानात निघाले तेव्हा मांडीवर हात ठेवून बघितला, तर दगड. मी मागे पायरीवरून पडले होते ना, तेव्हापासून तुझे आतोबा रस्त्यात कायम माझ्या डावीकडून चालायचे. धरायचे नाहीत, धरलं की मी खेकसायचे. ते गेल्यापासून एकटीच चालते. मग यातला माझा आकडा कोणता रे?

लोभ धरून नीट उत्तर दे.
आत्या

२९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन्ही तुझेच. इथेच तर अडलंय. दोन्ही पाठवतो म्हटलं, तर सर म्हणतात, पेशंट रोज जसा चालतो तोच एक आकडा द्यायचा. अडीचपट गेला तर ऑपरेशन टळेल, चौपट गेला तर डॉक्टर तारीख देतील. खोटा एकही नाही. भाचा म्हणून मला एक पाठवावासा वाटतो आणि कामावर बसलो की दुसरा. तू रोज कशी चालणार ते तूच कळव, मी तसं पाठवतो.

लोभ कमी करू नकोस.
तुझा खटपट्या

४ जुलै

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

एकटीचा पाठव. दुसऱ्याने सुटका होईल हे मला कळतं, आणि तोच पाठव असं एक पत्र लिहून फाडलंही. पण त्या आकड्यात एक माणूस जास्त आहे, आणि तो आता माझ्या घरात नाही.

भीती वाटायची ती वाटतेच आहे. ऑपरेशननंतर म्हणे लगेच चालवतात. तेव्हा रजा काढून ये. मला धरायला जाऊ नकोस, खपायचं नाही. नुसता डावीकडून चाल, आणि तुझ्या सरांची गाऱ्हाणी सांग.

लोभ आहेच, तू वेळेवर ये.
आत्या