गावचा जावई आणि गाडीचे हप्ते

१० नोव्हेंबर, सोमवार
गाडीचे दोन हप्ते थकले. दोष माझा नाही. पहिला नवरात्रात मंडळाच्या भंडाऱ्याला गेला. माइकवरून माझे नाव दोनदा घेतले, त्यातले एकदा बरोबर. दुसरा दिवाळीने खाल्ला. इथल्या पांडेसऱ्याच्या कापडमिला बंद, कामाची पोरे गावी, मग बायकोचे, शोभाचे डबे खाणार कोण? तिला काही सांगितलेले नाही. उगाच जिवाला घोर. डबे याच गाडीवर जातात ना.
फायनान्स कंपनीचा फोन आला, वसुलीवाला येणार म्हणे. येऊ दे. मी मोबाइलवर वकिलाचे सगळे व्हिडिओ पाहिलेत. सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. ओळखपत्र दाखवायचे. शिवी नाही, धमकी नाही, शेजारीपाजारी बोभाटा नाही. कर्जदार म्हणजे काही चोर नव्हे! हे तरुणपणी कळले असते तर आणखी कर्ज काढले असते.

११ नोव्हेंबर
बेत पक्का. तो आरडाओरडा करणार, मी शूटिंग करणार, तक्रार ठोकणार. मग कंपनीच पाया पडत येईल. सगळे हप्ते माफ करून घ्यायचे की निम्मे, एवढेच ठरवायचे आहे. मी निम्म्यावर राजी आहे. माणसाने हावरट असू नये.

१२ नोव्हेंबर, सकाळी ११
आला. शोभा भाजीला गेलेली, बरे झाले. तिशीचा पोरगा, नाव योगेंद्र. चपला दाराबाहेर काढल्या. न मागता ओळखपत्र दाखवले. काका म्हणाला. आवाज इतका हळू की मलाच मोठ्याने बोलावे लागले. शेवटी म्हटले, अरे, धमकी तरी दे! तर म्हणे, काका, ट्रेनिंगमध्ये मनाई केलीय. पाणी प्यायला. वीस तारखेपर्यंत हप्ते आले नाहीत तर गाडी उचलायची नोटीस निघेल, असे सांगून गेला. तेही हात जोडून.

संध्याकाळी
मोबाइल फळीवर लावून केलेले शूटिंग पाहिले. आरडाओरडा झकास आलाय. पण ओरडणारा एकच माणूस आहे आणि त्याच्या अंगात बनियन आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
हार मानणाऱ्यातला मी नव्हे. योगेंद्रला फोन लावला, गोड आवाजात म्हटले, संध्याकाळी साडेसातला ये, निवांत बोलू. एकदा उंबऱ्याच्या आत आला की नियम मोडला! तर म्हणे, काका, सातनंतर आम्हाला येता येत नाही, तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत नसेल!!

१५ नोव्हेंबर
डबे पोचवताना गाडी जरा जपून चालवली. आरसे पुसले. कारण काही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
डोके चालले. पोराची बोली आपल्याकडची. फोन करून विचारले, तर सासुरवाडी आमच्याच अमळनेरकडची. म्हणजे नाते निघणारच. दोन खानदेशी माणसे समोरासमोर बसली आणि नाते निघाले नाही, असे कधी झालेय? आणि नात्यातल्या माणसाकडे वसुली कोण करेल? लाजेनेच गार होईल. हा मुद्दा वकिलाच्या एकाही व्हिडिओत नाही. वकील आपल्याकडचा नसावा.
नाते काढण्यात शोभाचा हात धरणारे कोणी नाही. तिला एवढेच सांगितले, आपल्याकडचा एक पोरगा मंगळवारी चहाला येतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी
बेत फत्ते. म्हणजे अर्धा. चहाचा कप संपायच्या आत शोभाने शोधून काढले की आमच्या गावच्या सुकलालची हर्षदा याला दिलेली. म्हणजे गावचा जावई! मी मनातल्या मनात पेढे वाटले. योगेंद्र लाजून कपात बघत बसला. हप्त्याचा ह काढला नाही. ओळखपत्र मात्र नियमाप्रमाणे गळ्यात.
शोभाने ते नीट वाचले आणि आत गेली. बाहेर आली ती कुंकवाचे ताट, नारळ, टॉवेल, टोपी आणि पाकीट घेऊन. पाकिटात दोन्ही हप्ते. मी म्हटले, अगं, हे काय? तर हसत हसत म्हणे, आपला गावना जवाई शे, रिकामा हाते कसा धाडाना?
कंपनीचे मेसेज पहिल्यापासून तिच्याच मोबाइलवर येत होते. फॉर्मवर मेसेजसाठी नंबर मीच तिचा दिला होता, तेव्हा माझे रिचार्ज संपलेले. पाकिटातले पैसे तिने पाटल्यांसाठी जमवलेले. ओरडली असती तर बरे झाले असते.
पावती मागणे हा कर्जदाराचा हक्क. मी तो ठणकावून बजावला. योगेंद्रने पावती आधीच फाडून पुढे धरली होती.

५ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी नऊला जावई हजर. सासऱ्यांनी निरोप दिलाय म्हणे, काकूंनी एवढा मान केला, तर दर महिन्याला स्वतः जाऊन भेटत जा. शोभाने हप्ता काढूनच ठेवलेला. डब्यांचे पैसे आता तिच्याकडे जमा होतात. वर पुन्हा टॉवेल! मी म्हटले, अगं, दर महिन्याला? म्हणे, मान तो मान.
हप्ते अजून चौदा आहेत. डझनाने घेतले तर टॉवेल स्वस्त पडतात, म्हणून मला उधन्याच्या बाजारात पिटाळले. गाडीची किल्लीही आता तिच्याच कमरेला असते. मागितली, तर म्हणे, आधी ओळखपत्र दाखवा.