उंडीच्या सालीची गोणी

ती. आईस, ओसाकाहून वाकून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा भात जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

आगाशीच्या वाडीतल्या उंडीच्या झाडाची जी साल तू वाळवून दिलीस, तिच्या अर्काने इथे आमच्या प्रयोगशाळेत क्षयाचे जंतू मरतात. पण आमच्याबरोबर काम करणाऱ्या बँकॉकच्या मंडळींनी तिथल्या उंडीची साल घेऊन पाहिली, तर एकही जंतू मरेना. सगळे म्हणतात, तुमचं झाडच वेगळं!

काल रिकामी गोणी झटकली, तर कडुलिंबाचं वाळकं पान पडलं. ते माझ्या खिशात आहे. अजून कुणाला दाखवलेलं नाही.

आई, किडे लागू नयेत म्हणून तांदळात घालतेस तसा पाला सालीतही घातला होतास का? तसं असेल, तर जंतू साल मारते की कडुलिंब, कोण सांगणार? फोनवर विचारलं असतं, तर माझा आवाज ऐकूनच तू "नाही गं" म्हणाली असतीस. म्हणून इथून विरारला सुट्टीवर निघालेल्या माझ्या सहकाऱ्याच्या, केल्विनच्या हाती हे पत्र देतेय. शुक्रवारी इथल्या, बँकॉकच्या आणि आपल्याकडच्या, अशा तिन्ही देशांच्या मंडळींची बैठक आहे, त्याआधी कळव.

मी रागावणार नाही. पण मला वाचवायला खोटं बोलू नकोस. उद्या हेच औषध बाबांसारख्या एखाद्या खोकणाऱ्या माणसाला देतील.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
ऋतिका