उलट्या वळणाचे गुलाब

२० ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकटीस,

आम्ही दोघं मजेत आहोत आणि तुम्हीही सगळे मजेत असाल, असं लिहून सुरुवात करायची असते, म्हणून केली. तू मजेत नाहीस, रागावली आहेस, हे मला ठाऊक आहे. दोन महिने फोन नाही म्हणजे काय! इकडे फोन वाजला की तुझी ताई आधी धावते आणि तुझा नाही असं दिसलं की माझ्यावर ओरडते. जसं काही मीच फोन केला होता! म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो तर ही शेजारी कान टवकारून उभी असणार. आत्ता ती ओव्हनपाशी आहे आणि मी बाल्कनीत, तेवढ्यात लिहून घेतो.

आधी बातम्या. आमच्या इमारतीतली गोडघाशी मंडळी जोरात आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर चटया अंथरायच्या, ज्यानं त्यानं घरी केलेलं काहीतरी गोड आणायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. विकायचं नाही, पैशाचं नाव काढायचं नाही. कुणाच्या पदार्थाला तोंडावर नावं ठेवायची नाहीत, ती जिना उतरताना ठेवायची. दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण अशी चिवट टॉफी करते की रविवारी खा आणि सोमवारी तिच्याच दवाखान्यात जा. आमच्या समोर राहणारा बस ड्रायव्हर एवढा आडदांड, पण बिस्किटं करतो नाण्याएवढी, नाजूक. त्याची बायको म्हणते, "घरात हळू बोलता येत नाही, सगळा हळुवारपणा त्या बिस्किटांत जातो." तळमजल्यावरच्या आजोबांचा लिंबाचा केक दर वेळी मधोमध बसतो आणि दर वेळी आजोबा सांगतात की तो मुद्दामच बसवलाय.

तुझ्या ताईचा केक अर्थातच सगळ्यात शेवटी उघडायचा. त्यावरचे क्रीमचे गुलाब बघून लोक क्षणभर खायचं विसरतात. मग आठवतं त्यांना.

गुलाबांवरून आठवलं. तुझ्या वाढदिवसाच्या केकवरचे गुलाब उलटे का वळलेत, असं तू विचारलं होतंस. सांगतो. पण आधी हवेचं सांगतो. हवा छान आहे. दुपारी जरा उकडतं.

तर गेल्या महिन्यातला रविवार. खाणं संपत आलं होतं. ड्रायव्हरनं घरून क्रीमची पिशवी भरून आणली होती. ती तुझ्या ताईपुढे धरून म्हणाला, "काकू, आज एक गुलाब आमच्यासमोर करून दाखवाच. मी तीन महिने धडपडतोय." झालं! सगळे सरसावून भोवती बसले. आणि तुझी ताई हलेना. तिचा उजवा हात ॲप्रनच्या खिशात. गेलं वर्षभर तो तिथेच असतो.

आता लिहूनच टाकतो. धाकटे, तुझ्या ताईचा उजवा हात थरथरतो. कप धरला तर चहा बशीत येतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही धोका नाही, पण हे जाणारही नाही. ऐकून घरी आली आणि क्रीमच्या पिशव्या, नोझल, सगळं वरच्या फळीवर टाकलं. तीन दिवस जेवणाखेरीज घरात काही शिजलं नाही. मला ते बघवेना. म्हटलं, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, माझा हात स्थिर आहे, तू फक्त सांग. झालं, त्या दिवसापासून ही स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकते आणि मी गुलाब करतो. पहिले गुलाब कोबीसारखे झाले. "मनगट! मनगट फिरवा! पाटी रंगवताय का?" असं ओरडून नाकी नऊ आणले मला. बिघडलेलं सगळं मीच खायचो. माझं पोट बघशील तर सगळा इतिहास कळेल.

आता ऐक. मी डावखुरा. ती पिशवी उजव्या हातात धरायची, मी डाव्यात धरतो. तिच्या पाकळ्या एकीकडे वळायच्या, माझ्या दुसरीकडे. आम्हा दोघांना ते कधी दिसलं नाही. गच्चीवरच्या एवढ्या खवय्यांना दिसलं नाही. तुला दिसलं. लहानपणी ओट्याला हनुवटी टेकून तिचे हात बघत बसायचीस ना, म्हणून. तू फोनवर विचारलंस तेव्हा "डोळे तपासून घे" म्हणून तिनं फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. पुढे तू लेकीच्या लग्नाचा तीन मजली केक मागितलास, तर "वेळ नाही, दुकानातून आण" म्हणाली. तुला लागलं असणारच. लोकांसाठी वेळ आहे आणि भाचीसाठी नाही! पण वेळ होता गं. तिला धीर नव्हता.

तर गच्चीवर सगळे वाट बघतायत आणि हिचा हात खिशातच. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, "मला येतात." एकच हशा पिकला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पाटी नाही रंगवायची!" मी एक गुलाब केला. मग दुसरा. डॉक्टरीण वाकून बघत म्हणाली, "अहो, हे तर हुबेहूब काकूंचेच!" मी पिशवी पाठीमागे लपवली. तेवढ्यात तुझ्या ताईनं खिशातून हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला, थरथरत होता तसाच. म्हणाली, "माझेच आहेत. ह्यांचा फक्त हात. आणि तोही डावा."

त्यावर आजोबा म्हणाले, "माझे दोन्ही हात धड आहेत, तरी केक बसतोच." पहिल्यांदाच कबूल केलं म्हाताऱ्यानं! ही इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी जिना उतरताना तिनं उघडपणे, सगळ्यांदेखत उजव्या हातानं कठडा धरला.

मी म्हटलं, आता धाकटीलाही सांगू या. तर एकदम ताठ झाली. म्हणाली, "जगाला कळू दे, तिला नको. ह्याच हातानं धरून मी तिला चालायला शिकवलंय." पण ती फोनकडे धावते ते मला बघवत नाही. म्हणून आज बायकोचा शब्द मोडतोय, आणि माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जातं ते तुला माहीत आहे.

तू एवढंच कर. रडू नकोस, डॉक्टरांचे पत्ते पाठवू नकोस. केक पुन्हा माग. लहानपणी मागायचीस तसा हट्टानं, पाय आपटून माग. आणि मी लिहिलंय हे पोटात ठेव, नाहीतर माझं काही खरं नाही.

तुझे डावखुरे
भाऊजी

ता.क. धाकटे, अक्षर बघून घाबरू नकोस. हे शहाणे पाकीट चिकटवायला माझ्याचकडे मैद्याची खळ मागायला आले. "कुणाला पत्र?" विचारलं तर म्हणे, "कुणाला नाही." तेव्हाच हातातून काढून घेतलं. वाचलं, चिडले, पुन्हा वाचलं.

हट्टबिट्ट करू नकोस. तिन्ही मजले मीच करणार. गुलाब ह्यांचे, म्हणजे उलटेच वळतील. कुणी विचारलं तर सांग, आमच्या ताईची नवी पद्धत आहे.

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही येतो. तुझ्या घराचा जिना फार उंच आहे. माझ्या डाव्या हातात केकचा वरचा मजला असेल, तो मी कुणाला देणार नाही. उजवा तू धर.

तुझी
ताई