पाठ केलेला तक्ता

३ मार्च
आज आया म्हणून कामाला लागले. जागा झकास आहे. फरशी इतकी चकचकीत की आपलंच तोंड आपल्याला वाकुल्या दाखवतं. अंतराळात महिनोन्‌महिने राहिलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं आणि डोळे मागून चेपले जातात, असं काही जण म्हणतात. ते जमिनीवरच तपासायचं म्हणून इथं माणसाला डोकं खाली, पाय वर असं साठ दिवस निजवतात. सध्या निजलेत खुद्द इथले थोरले डॉक्टर. डोळ्यांना काही होत नाही, हे स्वतःवरच सिद्ध करणार आहेत.

मला अक्षर येत नाही, त्यांचा वेळ जात नाही. म्हणून मी सांगते आणि ते छातीवर फळी घेऊन लिहितात. हसताहेत. हसा खुशाल, पण गाळू नका. संध्याकाळी स्वयंपाकीणबाई मला वाचून दाखवणार आहे.

९ मार्च
भरवते, अंग पुसते, हँडल फिरवून खाट नीट करते. साठीचं बाळ, रडत नाही एवढंच. डोळ्यांपासून हातभर अंतरावर अक्षरांचा तक्ता टांगलाय. रोज सकाळी तो वाचायचा आणि वहीत ‘ठीक’ लिहायचं. तक्ता त्यांनीच बनवलाय, वहीही तेच लिहितात. बरं आहे, कुणाला त्रास नको.

गप्पांत एका मुलीचा विषय निघाला. आठ महिने वर अंतराळात राहिली, जमिनीवरून तिची तब्येत हेच बघायचे. उतरताना समोरचे आकडे चुकीचे वाचले, भलतीच कळ दाबली, यान जळून गेलं. मुलगी बेफिकीर होती, असं चौकशीत ठरलं. मी विचारलं, डोळ्यांचं काही बोलली होती का कधी? म्हणाले, एका शब्दानंही नाही.
तसंच लिहून घ्या म्हटलं.

१७ मार्च
आज हँडल दोन फेरे जास्तच फिरलं, डोकं आणखी खाली गेलं. म्हातारे हात, चालायचंच. गाल फुगलेत त्यांचे; बघणाऱ्याला वाटेल रुसलेत. डोकं जड आहे म्हणतात. वहीत लिहिलं: ठीक.

२९ मार्च
काल स्वयंपाकीणबाई वाचताना हसली नाही. म्हणाली, ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात.

आज सकाळी मी तक्ता उलटा टांगला, कोरी बाजू पुढं. डॉक्टरसाहेबांनी घसा साफ केला आणि वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं वाचली. एकही चुकलं नाही.

लिहा की. थांबलात का? कोरी बाजू, असंच लिहा.

२ एप्रिल
आता अहो-जाहो पुरे. यानात जळाली ती मुलगी माझ्या लेकीची लेक. आडनाव वेगळं, म्हणून तुला कळलं नाही. दर आठवड्याला वरून फोनवर दिसायची. चौथ्या महिन्यात म्हणाली, आजी, तुझ्या तोंडाला कडाच राहिल्या नाहीत गं. मी म्हटलं, सुरकुत्या दिसत नसतील तर चांगलंच आहे की. हसलो दोघी.
डॉक्टरांना सांगितलंय म्हणाली.
मी हसले होते, हे पण लिही.

६ एप्रिल
उठायचंय म्हणतोस. ऊठ ना, मी कुठं धरलंय. फक्त का उठलास ते वहीत लिहावं लागेल. डोळ्यांमुळे, असं. मग ती खरी ठरेल.
नाही उठलास.
दोन फेरे.

९ एप्रिल
मधोमध काळा डाग आहे म्हणतोस— तो हलतो— माझा चेहरा कुठाय विचारतोस. इथंच आहे की, वीतभर अंतरावर—
आणखी दोन.

१२ एप्रिल
स्वयंपाकीणबाई म्हणते, अजून कसंबसं लागतंय अक्षर. उद्याचं सांगता येत नाही. तेव्हा आजच—
आता उठवतही नाही ना? भिंती फिरतात? तिच्याही फिरल्या असतील.
कागदाची कड बोटानं चाचप. हां, तिथून. वाक्य पुरं झालं की खाट सरळ करते, लेकीच्या गळ्याची शपथ. पुरं झालं की. आधी नाही.

लिही— मी, इथला थोरला डॉक्टर. तिनं मला चौथ्या महिन्यात सांगितलं होतं. पुन्हा सहाव्यात. दोन्ही वेळा वहीत तिच्या नावापुढं मी माझ्या हातानं